पडत्या संघाने जुना खेळाडू घ्यावा का?

संघ हरू लागला की सल्ला देणाऱ्यांची उणीव भासत नाही. एक जण म्हणतो, “एखादा जुना, जाणता माणूस आणा.” दुसरा लगेच विचारतो, “म्हाताऱ्या बैलावर नांगर चालतो का?” दोन्ही मते ऐकताना पटतात, आणि म्हणूनच वाद संपत नाही. वास्तविक हा प्रश्न आवडीनिवडीचा नसून हिशेबाचा आहे. जुन्या खेळाडूबरोबर संघात काय येते, त्याच्यामुळे संघातून काय जाते आणि तो गेल्यावर मागे काय उरते, या तीन गोष्टी मांडून पाहिल्याशिवाय ‘घ्यावा’ किंवा ‘घेऊ नये’ असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. प्रस्तुत लेखात काही प्रत्यक्ष घडलेली उदाहरणे तपासून या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा मी प्रयत्न करणार आहे.

दोन्ही बाजू

जुन्या खेळाडूच्या बाजूने तीन मुद्दे मांडले जातात. त्याने मोठे सामने पाहिलेले असतात, त्यामुळे कठीण वेळी तो गांगरत नाही. त्याच्या नावाने प्रेक्षक येतात. आणि त्याच्याकडे पाहून नवी मुले शिकतात.

विरुद्ध बाजूचे मुद्देही तितकेच वजनदार आहेत. वय वाढते तसा वेग कमी होतो, दुखापत भरून यायला वेळ लागतो, मानधन मात्र नावाप्रमाणे द्यावे लागते. शिवाय संघातली एक जागा अडते. अर्थशास्त्राच्या तासाला आपण ‘संधी-खर्च’ ही कल्पना शिकतो. एखाद्या गोष्टीची खरी किंमत तिच्यासाठी मोजलेल्या पैशांपुरती नसते. तिच्यामुळे जी दुसरी गोष्ट सोडावी लागली, तीही त्या किमतीत धरावी लागते. जुन्या खेळाडूची खरी किंमतही त्याच्या मानधनात दिसत नाही. बाकावर बसलेल्या मुलाची जी वर्षे वाया गेली, तीही त्यात धरली पाहिजेत.

मुंबईचे तीन मोसम

फुटबॉलमध्ये या प्रश्नाचे चांगले उदाहरण आपल्याच राज्यात सापडते. २०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा तिच्यात आठ संघ होते. प्रत्येक संघाने जगभर गाजलेला एखादा खेळाडू आणावा, अशी योजना होती. त्यांपैकी बरेच जण कारकिर्दीच्या उतारावर होते. पुण्याने फ्रान्सचे त्रेझेगे आणले, गोव्याने चाळिशीतले पिरेस आणले, तर दिल्लीने इटलीचे देल पिएरो आणले. देल पिएरो यांना दहा सामन्यांत एकच गोल करता आला आणि दिल्लीचा संघ पाचवा राहिला.

मुंबई सिटी संघाने त्या वर्षी पस्तिशीतले निकोलस अनेल्का आणि सदतीस वर्षांचे फ्रेडी ल्युंगबर्ग अशी दोन मोठी नावे घेतली. आठ संघांत मुंबई सातवी आली. दुसऱ्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, अनेल्का यांच्याकडे खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी देण्यात आली. संघ सहावा आला. त्या वर्षी मुंबईच्या बाजूने गाजले ते सुनील छेत्री. लीगमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारे ते पहिले भारतीय ठरले.

या दोन वर्षांवरून कोणीही म्हटले असते की जुन्या खेळाडूंचा नाद सोडावा. पण २०१६ साली याच संघाने आणखी एक वयस्कर खेळाडू घेतला. उरुग्वेचे दिएगो फोर्लान २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरले होते. मुंबईत आले तेव्हा ते सदतीस वर्षांचे होते. त्यांना कर्णधार करण्यात आले आणि साखळी फेरीत मुंबई पहिली आली. केरळविरुद्ध ५-० असा विजय मिळाला, त्या सामन्यात फोर्लान यांनी एकट्याने तीन गोल केले.

मग दोन वर्षे फसलेला उपाय तिसऱ्या वर्षी लागू कसा पडला? गुणतक्त्यात पाहिले की त्याचे कारण कळते. त्या साखळी फेरीत मुंबईने चौदा सामन्यांत सोळा गोल केले. हा आकडा काही फार मोठा नाही. परंतु मुंबईवर गोल झाले ते फक्त आठ, तर २०१४ साली तेवढ्याच सामन्यांत एकवीस झाले होते. म्हणजे सुधारणा प्रथम बचावफळीत झाली होती. सर्वोत्तम गोलरक्षकाचा मानही मुंबईच्या तरुण अमरिंदर सिंग यांना मिळाला. मागची भिंत पक्की असल्यामुळे पुढे उभ्या असलेल्या फोर्लान यांना नव्वद मिनिटे मैदानभर धावण्याची गरज राहिली नाही. योग्य वेळी योग्य जागी असणे, हे जे काम वयाबरोबर जात नाही, तेवढेच त्यांच्याकडे राहिले.

याच कथेला दुसरी बाजूही आहे. कोलकात्याविरुद्ध उपांत्य फेरीच्या पहिल्या सामन्यात फोर्लान यांना दुसरे पिवळे कार्ड मिळून मैदान सोडावे लागले, आणि मुंबई २-३ अशी हरली. दुसऱ्या सामन्यात त्यांना खेळता आले नाही. तो ०-० असा सुटला आणि मुंबईची मोहीम तिथेच संपली. अनुभवी माणूस कठीण वेळी चुकत नाही, या समजुतीवरही डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, हे यावरून दिसते.

एकच माणूस, दोन विश्वचषक

जगातील उदाहरण घ्यायचे तर कॅमेरूनच्या रोजर मिला यांचे घ्यावे लागेल. १९९० च्या विश्वचषकासाठी देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या आग्रहावरून ते परतले, तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. प्रशिक्षकांनी त्यांना बदली खेळाडू म्हणून, समोरचा संघ दमल्यावर, मैदानात उतरवले. त्यांनी चार गोल केले आणि कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीत पोचणारा पहिला आफ्रिकी देश ठरला. चार वर्षांनी, १९९४ मध्ये, तेच मिला बेचाळिसाव्या वर्षी पुन्हा आले. त्यांनी रशियाविरुद्ध गोल केला खरा, परंतु तो सामना कॅमेरूनने १-६ असा गमावला आणि संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला. माणूस तोच, जिद्दही तीच. भोवतालचा संघ मात्र तसा राहिला नव्हता.

जागेचाही विचार करावा लागतो. इटलीचे दिनो झोफ चाळिसाव्या वर्षी, १९८२ साली, कर्णधार म्हणून विश्वचषक जिंकले, पण ते गोलरक्षक होते. पंखावर धावणाऱ्या खेळाडूला त्या वयात हे जमले असते असे वाटत नाही.

आपल्या विदर्भाचा अनुभव

फुटबॉलची ही उदाहरणे आपल्या वाशीमला थोडी दूरची वाटतील. परंतु हाच प्रश्न आपल्या विदर्भापुढेही आला होता, तो क्रिकेटच्या मैदानावर. नागपुरात जन्मलेल्या सी. के. नायडूंनी एकसष्टाव्या वर्षी रणजी सामना खेळला होता, तेव्हा वय आणि खेळ यांची चर्चा आपल्याकडे नवी नाही. विदर्भाचा संघ मात्र १९५७-५८ पासून रणजी करंडकात खेळत असूनही साठ वर्षांत एकदाही अंतिम फेरीत पोचला नव्हता.

अशा संघात २०१५-१६ मध्ये मुंबईचे वसीम जाफर आले. त्यांचे वय त्या वेळी सदतीस. भारतासाठीचा त्यांचा शेवटचा कसोटी सामना २००८ साली होऊन गेला होता. पहिल्या वर्षी संघ उपांत्यपूर्व फेरीत हरला आणि पुढचा मोसम जाफर यांना दुखापतीमुळे खेळता आला नाही. म्हणजे दोन वर्षांनी हिशेब मांडला असता तर हा व्यवहार तोट्याचाच दिसला असता. २०१७-१८ साठी त्यांनी व्यावसायिक खेळाडूचे मानधन न घेता खेळण्याची तयारी दाखवली, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. त्याच वर्षी चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले, आणि इंदूर येथे दिल्लीला नऊ गडी राखून हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. विजयाचा फटका जाफर यांच्याच बॅटमधून आला.

परंतु धावफलक नीट वाचला पाहिजे. त्या मोसमात विदर्भाच्या सर्वाधिक धावा कर्णधार फैज फजल यांच्या होत्या, ९१२. त्यांच्यामागे तरुण संजय रामास्वामी ७७५ धावांवर होते. जाफर यांच्या धावा ५९५. अंतिम सामन्यात शतक अक्षय वाडकर यांचे होते, तर सलग तीन चेंडूंवर तीन गडी बाद करण्याचा पराक्रम रजनीश गुरबानी यांचा. जाफर यांनी त्या सामन्याच्या पहिल्या डावात ७८ धावा केल्या. म्हणजे करंडक जिंकला तो घरच्या मुलांनी. पाहुण्याने त्यांना आधार दिला. पुढच्या वर्षी तर एक्केचाळिशीला टेकलेल्या जाफर यांनी एका मोसमात १०३७ धावा केल्या आणि विदर्भाने करंडक राखला. त्या अंतिम सामन्यात मात्र अकरा बळी घेऊन सामना फिरवला तो आदित्य सरवटे यांनी.

खरी कसोटी यानंतरची होती. २०१९-२० मध्ये विदर्भ बाद फेरीत पोचला नाही आणि मार्च २०२० मध्ये जाफर निवृत्त झाले. पाहुणा गेल्यावर घर उभे राहिले का? २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम फेरीत गेला आणि मुंबईकडून हरला. २०२४-२५ मध्ये केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर त्याने तिसऱ्यांदा करंडक मिळवला. या वेळी कर्णधार होते तेच अक्षय वाडकर. यश राठोड यांच्या ९६० धावा झाल्या, आणि हर्ष दुबे यांनी ६९ बळी घेऊन एका मोसमातील बळींचा विक्रम केला. याही संघात कर्नाटकातून आलेले करुण नायर होतेच. म्हणजे विदर्भाने बाहेरचा जाणता खेळाडू घेणे सोडले नाही. पण त्याच्या शेजारी स्वतःची मुले उभी करणेही सोडले नाही.

तीन प्रश्न

या सर्व उदाहरणांवरून मला असे वाटते की जुना खेळाडू घेण्यापूर्वी संघाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : त्याला नेमके कोणते काम द्यायचे? काम ठरले नसेल तर आपण फक्त नाव विकत घेतो. दुसरा : बाकीचा संघ निदान उभा तरी आहे का? गळक्या छपराला एक नवा वासा लावून पाऊस थांबत नाही. तिसरा : त्याच्या शेजारी शिकणारा कोण? शिकणारा नसेल तर अनुभव त्याच्याबरोबर आला तसा त्याच्याबरोबर निघून जाईल.

हे प्रश्न मला पुस्तकी वाटत नाहीत, याचे कारण सांगतो. मी आमच्या गावच्या कबड्डी संघात डाव्या कोपऱ्यावर खेळतो. गेले दोन मोसम आम्ही बक्षिसाच्या सामन्यांत पहिल्याच फेरीत हरत आलो आहोत. आता गावातले एक जुने खेळाडू परत यायला तयार आहेत. ते बाजार समितीत मापाडी आहेत, चाळिशीला आले आहेत. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणतो. त्यांची पकड अजून सुटत नाही. पण त्यांचीही जागा डाव्या कोपऱ्याचीच. ते आले तर बसायचे मला. गावात यावरून दोन तट पडले आहेत, आणि दोन्हीकडचे लोक ‘तू कॉलेजात शिकतोस, तूच सांग’ म्हणून माझ्याकडे पाहतात. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. त्यामुळे असा प्रश्न आला की घरी आणि गावात माझ्या उत्तराला उगीचच वजन येते.

वडिलांना विचारले, तर ते म्हणाले, “गोऱ्ह्याले जुपाचं असन त जोडीले मुरेल बैल पायजे. पण त्याच्याच भरवशावर अख्खं वावर काढाचं नसते.” नवा गोऱ्हा जुवाखाली आणताना शेतकरी त्याच्या जोडीला मुरलेला बैल देतो, म्हणजे तास सरळ जातो. मला जे सांगायला इतकी पाने लागली, ते वडिलांनी दोन वाक्यांत सांगितले.

माझे मत मी मंडळापुढे असे मांडणार आहे. भाऊंना घ्यावे, पण एका मोसमापुरते. त्यांनी आठवड्यातून निदान तीन संध्याकाळी सरावाला यावे. सामन्याच्या पूर्वार्धात कोपऱ्यावर तरुण मुलगा राहावा आणि अटीतटीच्या शेवटच्या दहा मिनिटांत भाऊ उतरावेत. मोसम संपल्यावर सामने किती जिंकले याबरोबरच पकड करायला नवीन किती मुले शिकली, हेही मोजावे. या अटी त्यांना मान्य नसतील तर माझे मत विरुद्ध पडेल. माझी जागा त्यात गुंतलेली आहे, म्हणून माझे मत कोणी थोडे कमी धरले तरी माझी तक्रार राहणार नाही.

आपल्या महाविद्यालयाच्या संघापुढे हा प्रश्न याच रूपात येणार नाही, कारण आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची मर्यादा असते. परंतु दरवर्षी शेवटच्या वर्षाचे खेळाडू बाहेर पडतात आणि पुढच्या वर्षी संघ पुन्हा पहिल्यापासून बांधावा लागतो, हे आपण पाहतोच. त्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे वाशीमातच राहतात, त्यांना महिन्यातून दोनदा सरावाला बोलावण्यास काहीच खर्च येत नाही. क्रीडा विभागाने आणि विद्यार्थी मित्रांनी येत्या सत्रात एवढे करून पाहावे, अशी माझी नम्र सूचना आहे.