स्केचबुक : सराव आणि तपासणी

स्केचबुकात दोन कामे होतात. समोर दिसते ते रेखाटणे हे पहिले, आणि रेखाटलेले काही दिवसांनी पुन्हा तपासणे हे दुसरे. पहिले उत्साहाने होते, दुसरे राहून जाते. मग वह्यांमागून वह्या भरतात, पण पहिल्या वहीतली चूक पाचव्या वहीतही जशीच्या तशी सापडते. रेखाटन शिकणाऱ्या अनेकांना या अनुभवातून जावे लागते.

वही साधी असावी. जाड कागदाची महाग वही घेतली की पान वाया जाईल या धास्तीने हात आखडतो. पिशवीत मावणारी ए-५ आकाराची वही आणि एचबी व ४बी पेन्सिली सुरुवातीला पुरतात. खोडरबर शक्यतो दूर ठेवावा. चुकलेली रेषा तशीच ठेवून शेजारी दुसरी ओढली, तर किती चुकले ते दिसते. खोडली की तो पुरावाच जातो. फसलेली पाने फाडू नयेत, तेही याच कारणासाठी.

नक्कल त्याज्य नाही, पण तिच्यावर विसंबणे धोक्याचे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचे ठरवले, तेव्हा शार्ल बार्गच्या अभ्यासचित्रांच्या नकला केल्या. त्याच्या जोडीने तो कष्टकरी माणसे पाहून रेखाटत राहिला. १८८२ मध्ये हेगला असताना पर्स्पेक्टिव्ह नेमके साधावे म्हणून त्याने दोरे ताणलेली चौकटही करून घेतली. नकलेने रेषेवर ताबा येतो. मात्र समोरची घनवस्तू सपाट कागदावर कशी उतरवायची, हा निर्णय मूळ चित्रकाराने आधीच घेतलेला असतो. मोबाइलवरच्या फोटोवरून काढतानाही तो निर्णय कॅमेऱ्याने घेतलेला असतो. म्हणून वहीत प्रत्यक्ष पाहून काढलेली पाने जास्त असावीत.

प्रत्यक्ष पाहतानाही आधीची माहिती आडवी येते. टेबलावरचा तांब्या वरून पाहिला की त्याचे तोंड लंबवर्तुळाकार दिसते आणि शिकणारा ते तसे काढतोही. बूड मात्र तो सरळ आडव्या रेषेने संपवतो, कारण तांब्या सपाट टेबलावर टेकला आहे हे त्याला ठाऊक असते. वास्तविक वर्तुळ नजरेच्या पातळीपासून जितके खाली, तितके ते अधिक उघडे दिसते. त्यामुळे बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षा अधिक गोलाई घेते. अशा वेळी हात ताठ करून पेन्सिल डोळ्यांसमोर धरावी, एक डोळा मिटावा आणि रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजावे. कपाचा कान काढताना कानाच्या आतल्या मोकळ्या जागेचा आकार काढावा. कान आपोआप जागेवर येतो. मोजमाप पक्के होण्याआधी शेडिंगला हात घालू नये. छायेने डौल येतो, पण वाकडा आकार सरळ होत नाही.

किमॉन निकोलाइडिस यांच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द नॅचरल वे टू ड्रॉ’ या पुस्तकातल्या दोन पद्धती रोजच्या सरावाला सोयीच्या आहेत. एकीत कागदाकडे न बघता नजर वस्तूच्या कडेवरून सावकाश फिरवत रेषा ओढायची. दुसरीत माणसाची हालचाल आणि शरीराचा भार काही सेकंदांत पकडायचा. एसटी स्टँडवर वाट पाहणारी माणसे दुसरीसाठी उत्तम. ती स्थिर बसत नाहीत, त्यामुळे नाक-डोळ्यांत अडकायला वेळच मिळत नाही.

स्मरणाचा सराव वेगळा करावा लागतो. महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट ग्रेड परीक्षांमुळे स्मरणचित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. त्यासाठी ठरावीक प्रसंग पाठ करण्याची सवय लागली, तर बाजार, जत्रा आणि बसथांबा या तिन्ही चित्रांत तीच तीन माणसे उभी राहतात. त्याऐवजी एखादी वस्तू पाहून काढावी, वही मिटावी, तीच आठवणीने काढावी आणि दोन्ही पाने ताडून पाहावीत. जे निसटले, ते मुळात नीट पाहिलेलेच नव्हते असे बहुधा आढळते.

प्रत्येक रेखाटनाखाली तारीख, लागलेला वेळ आणि एक टिपण असावे. ‘जमले नाही’ या शेऱ्याचा उपयोग नाही. ‘डोक्याच्या मानाने खांदे अरुंद, हात कोपराखाली आखूड’ असे लिहिले, तर पुढच्या वेळी काय पाहायचे ते कळते. शेरा रेषेवर असावा. स्वतःच्या कुवतीवर लिहिलेल्या शेऱ्यातून दुरुस्ती निघत नाही, सरावच थांबतो. इतरांच्या निवडक चित्रांशी आपल्या रोजच्या पानांची तुलना केली, तरी तेच होते.

तपासणी आठवड्याने करावी, कारण काढल्या काढल्या नजर आपल्या चुकीला सरावलेली असते. पान उलटे धरावे किंवा आरशात पाहावे. कललेला चेहरा आणि एकीकडे झुकलेली भांडी लगेच उघडी पडतात. टिपणांत वारंवार येणारी एकच चूक निवडून पुढचा आठवडा तिच्यासाठी ठेवावा. सगळ्याच चुकांवर एकदम तुटून पडले, तर एकही सुटत नाही. दुसऱ्याला वही दाखवताना ‘कसे आहे?’ याऐवजी ‘यात हात आखूड वाटतो का?’ असे विचारावे. दर दोन-तीन महिन्यांनी तीच वस्तू त्याच जागी ठेवून पुन्हा काढावी. जुन्या टिपणातली तक्रार नव्या पानावर उरली नसेल, तर ती यादीतून काढून पुढची घ्यावी.