ट्रॅव्हर्टाइन : पाण्याने घडविलेला पाषाण

रोमच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरांवर तिव्होली हे गाव आहे. प्राचीन काळी त्याचे नाव तिबुर असे होते. तेथील खाणींतील दगडास रोमन लोक ‘लापिस तिबुर्तिनुस’, म्हणजे तिबुरचा दगड, असे म्हणत. त्याचेच इटालियन भाषेत ‘त्राव्हेर्तिनो’ असे रूपांतर झाले आणि पुढे ‘ट्रॅव्हर्टाइन’ ही संज्ञा रूढ झाली.

हा दगड झऱ्यांच्या पाण्यातून निर्माण होतो. पावसाचे पाणी जमिनीत मुरताना मातीतील कार्बन डायऑक्साइड वायू शोषून घेते व किंचित आम्लधर्मी बनते. तिव्होलीसारख्या ज्वालामुखीय प्रदेशात भूगर्भातून वर येणारा वायूही त्यात मिसळतो. असे पाणी चुनखडकातून वाहू लागले म्हणजे खडकातील कॅल्शियम कार्बोनेट त्यात विरघळते. पुढे ते झऱ्याच्या रूपाने भूपृष्ठावर आले की त्यावरील दाब कमी होतो व वायू हवेत निघून जातो. मग विरघळलेले कार्बोनेट पाण्यात राहू शकत नाही. ते तळावर, काठांवर आणि शेवाळ व गवताच्या काड्यांवर साचते. अशा प्रकारे थरावर थर चढून दगड तयार होतो. आतील वनस्पती कुजून गेल्या म्हणजे त्यांच्या जागी पोकळ्या उरतात. या दगडाची सच्छिद्रता बऱ्याच अंशी त्यांमुळेच असते.

इ. स. ८० मध्ये खुल्या झालेल्या कोलोसियमची बाह्य भिंत याच दगडाची आहे. तिचे चिरे चुन्यावाचून, लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते. मध्ययुगात लोकांनी लोखंडासाठी ते आकडे उकरून काढले. त्यांची भोके आजही दिसतात.

भार आणि ऊनपाऊस यांपुढे हा दगड टिकतो, परंतु आगीपुढे टिकत नाही, असे रोमन वास्तुविशारद व्हिट्रुव्हियस याने इ. स. पू. पहिल्या शतकात नमूद केले होते. चुन्याच्या भट्टीत जे घडते तेच येथेही घडते : तीव्र उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून जातो व केवळ चुना उरतो. जो वायू पाण्यातून गेल्यामुळे दगड घडतो, तोच दगडातून गेला म्हणजे दगड नाश पावतो.

आम्लांनीही त्याची झीज होते. म्हणून २०१३ ते २०१६ या काळात कोलोसियमच्या भिंतीवरील काजळी काढताना तीव्र रसायनांऐवजी पाण्याचे सूक्ष्म तुषार वापरण्यात आले. पाण्याने घडविलेल्या पाषाणाची निगाही अशी पाण्यानेच राखली.