थकीत पगारासाठी दिवाळखोरीचा अर्ज करावा का?

प्रश्न : कंपनीने आमचा पगार थकवला आहे. 'एवढे देणेच नाही,' असे मालक वर्षभर लेखी सांगत आहेत. दिवाळखोरीचा अर्ज करावा का?
– एक कामगार, गंगाखेड, जि. परभणी

उत्तर : थकीत पगारासाठी २०१६ च्या दिवाळखोरी संहितेखाली अर्ज करता येतो. २०१९ च्या जे. के. ज्यूट निकालानुसार नोंदणीकृत कामगार संघटनाही सर्वांच्या वतीने तो करू शकते. मात्र थकबाकी किमान १ कोटी रुपये हवी. शिवाय मागणीच्या नोटिशीआधीपासून रकमेबद्दल खरा वाद असेल, तर अर्ज फेटाळला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मोबिलॉक्स प्रकरणात स्पष्ट केले. तुमचा वाद जुना आहे. म्हणून वेतन संहितेखालील प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा करा. हजेरीच्या नोंदी, पगारपत्रके, बँकेचे पासबुक जपा. दुसऱ्या कोणी कंपनी दिवाळखोरीत नेलीच, तर मुदतीत आपला दावा जरूर नोंदवा.