परसातील रानबदके आणि आपला सदका

पावसाळा सरत आला की धाराशिव जिल्ह्यातील पाझर तलावांवर आणि शेततळ्यांवर रानबदके दिसू लागतात. त्यांतील हळदी-कुंकू बदक बारमाही येथलेच. त्याच्या चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या बुडाशी तांबडा ठिपका, म्हणून हे गोड नाव. चक्रवाक आणि थापट्या मात्र दूर उत्तरेकडून येतात आणि उन्हाळा तापण्यापूर्वी परततात. 2016 साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली आणि अनेक ठिकाणी पाणी वस्तीच्या, कधी थेट घराच्या परसाच्या जवळ आले. पाण्यामागोमाग पक्षीही आले. मग मुले शिळ्या भाकरीचे, पावाचे तुकडे टाकतात, बदके झेपावतात आणि घरातील वडीलधारी माणसे समाधानाने म्हणतात, “चला, सदका झाला.”

तो खरोखर झाला का, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

पक्ष्याच्या मुखी गेलेला दाणा वाया जात नाही, हे निश्चित. ह. अनस (र.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेल्या हदीसनुसार, मुसलमानाने लावलेल्या झाडाचे वा पेरलेल्या पिकाचे जे काही माणूस, पक्षी किंवा जनावर खाईल, ते त्याच्यासाठी सदका ठरते. ज्वारीच्या कणसावर बसलेल्या पाखरांकडे शेतकऱ्याने या दृष्टीने पाहिले, तर त्याच्या मनाचा जाच थोडा हलका होईल.

तहानलेल्या कुत्र्याची हदीस आपणा सर्वांना ठाऊक आहे; परंतु तिच्यातील एक बारकावा बहुधा निसटतो. तो वाटसरू स्वतः विहिरीत उतरून पाणी पिऊन वर आला होता. कुत्रा तहानेने ओली माती चाटताना दिसला, तेव्हा आपल्याला लागली होती तशीच तहान यालाही लागली आहे, हे त्याने ओळखले. पुन्हा खाली उतरून त्याने चामडी मोजा पाण्याने भरला. शिदोरीतले उरलेले काही त्याने कुत्र्यापुढे फेकले नाही. त्या जिवाला जे हवे होते तेच दिले, आणि अल्लाहने त्याला क्षमा केली.

आता आपला पावाचा तुकडा या कसोटीवर लावून पाहा. रानबदकाचा आहार म्हणजे पाणवनस्पती, बिया, किडे, गोगलगायी. पावाने पोट भरते, पोषण होत नाही. न खाल्लेला पाव पाण्यात कुजतो, पाणी घाण होते. बुरशी लागलेले अन्न तर पाणपक्ष्यांच्या फुप्फुसांना घातक असते. फरसाण आणि मसाल्याचा भात यांविषयी वेगळे सांगावयास नको. सूरह अल्-बकरा, आयत 267 मध्ये श्रद्धावंतांना बजावले आहे की, जी निकृष्ट वस्तू तुम्ही स्वतः डोळे मिटल्याखेरीज घेणार नाही, ती दान करू नका. ही आयत माणसांवरील खर्चाच्या संदर्भात आहे, हे खरे. पण जे ताटात नको झाले ते पक्ष्याला टाकून पुण्याची अपेक्षा धरणे, हे मला तिच्या भावनेशी जुळणारे वाटत नाही.

मांजरीला कोंडून उपाशी मारणाऱ्या स्त्रीच्या हदीसमध्ये तिचा अपराध दुहेरी सांगितला आहे. तिने मांजरीला खाऊही घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाण्यासाठी मोकळेही सोडले नाही. यावरून फुकहांनी नियम काढला की, आपल्या ताब्यातील जनावराचा चारापाणी मालकावर वाजिब आहे. दारची शेळी, खुराड्यातील कोंबडी यांचा हक्क आधी येतो. रानबदक मात्र मोकळे आहे. ह. उमर (र.) यांच्याकडून तिरमिजीत आलेल्या हदीसमध्ये भरवशाचे उदाहरण म्हणून पक्षीच सांगितले आहेत; ते सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि सायंकाळी तृप्त होऊन परततात. त्यांना खाऊ घालणे आपल्यावर बंधनकारक नाही, ते नफ्ल आहे. आणि नफ्ल कृतीने कोणाला इजा होत असेल तर इजा टाळणे अगोदर येते.

ही इजा केवळ बदकांपुरती राहत नाही. 2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कोंबड्यांत बर्ड फ्लू आढळला, तो देशातील पहिला प्रादुर्भाव. 2025 च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरमध्ये, कावळे मरून पडले तेही याच रोगाने. रानबदके हा विषाणू स्वतः आजारी न दिसताही बाळगू शकतात. एका जागी दाणा टाकला की पक्ष्यांची दाटी होते, आणि तो दाणा खुराड्याजवळ असेल तर रानबदके व घरच्या कोंबड्या एकाच ठिकाणी चोच घालतात. आजारी उंट निरोगी उंटांत आणू नयेत, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची ताकीद ह. अबू हुरैरा (र.) यांनी कथन केली आहे. ती येथे अक्षरशः लागू पडते.

तर मग करावे काय? खरी भूतदया येथे बहुधा दाण्याची नसते. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असते. त्या निसरड्या उतारावरून पिले, खारी, कधी कुत्रीही वर येऊ शकत नाहीत आणि बुडून मरतात. काठाला घट्ट बांधून एक-दोन ठिकाणी जाड दोरखंड किंवा गोणपाटाचे पट्टे पाण्यापर्यंत सोडावेत, म्हणजे पंजा रुतवायला आधार मिळतो. काठावर प्लास्टिकच्या पिशव्या, मांजा पडू देऊ नये. दाणा द्यावयाचाच असेल तर कोरडी ज्वारी वा बाजरी, मूठभर, खुराड्यापासून दूर, रोज नव्हे. पक्षी मेलेला आढळला तर मुलांना हात लावू देऊ नये, पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आणि मार्चनंतर, जेव्हा बदके निघून जातात, पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा परसात सावलीला मातीचे उथळ भांडे भरून ठेवावे व त्यातील पाणी रोज बदलावे. चिमण्या-बुलबुलांना त्याची गरज बदकांच्या भाकरीपेक्षा कितीतरी अधिक असते.

काही जण दाणा टाकून पक्ष्यांना माणसाळवतात आणि मग जाळे लावतात. अटी पाळून केलेली शिकार शरीयतमध्ये वैध आहे, हे सांगून त्याचे समर्थन केले जाते. परंतु 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानबदकांची शिकार हा गुन्हा आहे आणि आपण ज्या देशात राहतो त्याच्या अशा कायद्याचे पालन हा आपला करार आहे.

हा दाणा जकातीत धरता येईल का? नाही. जकातीचे हक्कदार सूरह अत्-तौबा, आयत 60 मध्ये ठरवून दिलेले आहेत आणि ती माणसे आहेत. फित्र्याचे किंवा फिदियाचे धान्यही पक्ष्यांना टाकून अदा होत नाही. ते गरजूंच्या घरीच पोहोचवावे. पक्ष्यांसाठीची मूठ त्याहून वेगळी, घरातील आपल्या धान्यातून काढावी.