मेजाचे मूळ रूप

जुन्या घरांतून सागवानी मेज, पेटारा किंवा खुर्ची अजूनही पाहावयास मिळते. पुष्कळदा ती वस्तू इतकी काळवंडलेली असते, की तिचे लाकूड कोणते हेही ओळखू येत नाही. सागाचा मूळ रंग सोनेरी तपकिरी. त्यावरील रोगण हवेने व प्रकाशाने वर्षानुवर्षे गडद होत जाते. धूर, धूळ आणि हातांचा तेलकटपणा त्यावर बसतो. तो न पुसताच कोणी रोगणाचा नवा हात दिला, तर मळ दोन थरांमध्ये कोंडला जातो. शिसवी लाकूड मात्र मुळातच काळसर असते. त्याचा रंग मळ समजून घासू नये.

रोगण काढण्यापूर्वी ते कशाचे आहे, हे जाणून घ्यावे लागते. पूर्वीच्या बऱ्याच सामानावर लाखेचे रोगण असे. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राहतात. त्यांच्या अंगातून पाझरणारी राळ म्हणजे लाख. ती शुद्ध करून स्पिरिटमध्ये विरघळवितात. लाकडावर हात दिल्यावर स्पिरिट उडून जाते आणि लाखेचा पातळ, चकचकीत थर मागे राहतो. हा थर स्पिरिटनेच पुन्हा विरघळतो. म्हणून जाणता सुतार मेजाच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवून पाहतो. रोगण चिकट झाले, तर ते लाखेचे. राळ व जवसाचे तेल उकळून केलेले रोगण स्पिरिटला सहसा दाद देत नाही; त्याला निराळा उपाय योजावा लागतो.

पुढील काम धीराचे आहे. स्पिरिटची वाफ चटकन पेट घेते. म्हणून खिडक्या उघड्या ठेवतात, दिवा वा शेगडी दूर नेतात. मुलांनी हे काम मोठ्या माणसांच्या देखरेखीशिवाय करू नये. एका वेळी वीतभर जागा भिजवावयाची आणि थर मऊ झाला, की लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसून घ्यावयाचा. फडके मळताच बदलावे. नाही तर विरघळलेला काळा रंग लाकडाच्या रंध्रांत शिरतो. नक्षीच्या खाचा बांबूच्या काडीला कापूस गुंडाळून साफ करतात.

उतावळा मनुष्य येथे रंधा किंवा खरखरीत पॉलिश पेपर हाती घेतो. काम घटकेत उरकते. पण रोगणाबरोबर लाकूडही झिजते आणि नक्षीच्या धारा बोथट होतात. मेजावर किमती लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटविलेला असेल, तर तोही निघून जातो. कॉस्टिक सोडा लावला, तर सरसाने जोडलेले सांधे सैल होतात. एकदा गेलेले लाकूड कोणत्याही कारागिराला परत आणता येत नाही.

मेजाची कड अनेकांच्या हातांनी गुळगुळीत झालेली असते. कोठे शाईचा जुना डाग असतो, कोठे कोणा मुलाने कर्कटकाने कोरलेले अक्षर. या खुणा म्हणजे त्या घराच्या आठवणीच होत. चांगला कारागीर त्यांना धक्का लावीत नाही. घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने वरचा मळ पुसून तो आधी पाहतो. कित्येकदा तेवढ्यानेच रोगण उजळते, आणि मग स्पिरिटची बाटली उघडावीच लागत नाही. हात कोठे थांबवावा हे ज्याला कळले, त्यालाच खरे कसब साधले.

स्वाध्याय
१. जुने रोगण काळे का पडते?
२. रोगण लाखेचे आहे, हे सुतार कसे ओळखतो?
३. रंधा वापरल्याने मेजाचे कोणते नुकसान होते?
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या वस्तूवरील खुणांचे वर्णन पाच-सहा वाक्यांत करा.