शेजाऱ्याचा शब्द हेच तारण

पतपेढीचा विषय निघाला की अभ्यासवर्गात मला हमखास विचारतात, "ज्याच्यापाशी गहाण ठेवायला काहीच नाही, त्याला कर्ज कोणी द्यावे?" जर्मनीत फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन यांच्यापुढे हाच प्रश्न होता, म्हणून त्यांच्यापासूनच सुरुवात करतो.

१८४६-४७ च्या हिवाळ्यात वायरबुश भागात उपासमार झाली. राइफायझेन तिथले प्रमुख होते. त्यांनी गरिबांना धान्य उधारीवर दिले, पावासाठी भट्टी उभारली. पुढे १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड येथे सधन गावकऱ्यांना जामीन उभे करून शेतकऱ्यांना हप्त्याने गुरे मिळवून दिली. ते भाविक ख्रिस्ती होते; शेजाऱ्यावरील प्रीती हाच त्यांचा आधार. पण दात्यांचा उत्साह ओसरतो. (आपणही हे जाणतोच.) मग १८६४ साली हेडेसडोर्फला त्यांनी नियम बदलला: कर्ज हवे असेल त्याने स्वतः सभासद व्हावे, आणि एकाचे कर्ज बुडाले तर सर्वांनी भरावे.

माझ्या मते खरी नवी गोष्ट हीच. जबाबदारी सर्वांची असल्याने संस्था एका लहानशा परिसराची ठेवावी लागे. बियाण्यासाठी कोण मागतो आणि दारूसाठी कोण, हे शेजाऱ्याला ठाऊक असते. दूरच्या बँकेला नसते.

मात्र लहान संस्थेची एक अडचण असते. पेरणीला सगळ्यांनाच एकदम पैसा लागतो, कापणीनंतर तोच पडून राहतो. आणि गारपीट झाली तर अख्ख्या गावाची वसुली थांबते. यासाठी १८७२ मध्ये नॉयवीड येथे संस्थांनी मिळून आपली मध्यवर्ती बँक काढली. एका गावाची शिल्लक दुसऱ्याच्या गरजेला जाऊ लागली.

भारतात १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा याच विचारातून आला. १९१२ च्या कायद्याने मध्यवर्ती संस्थांना जागा दिली. या दोहोंच्या मध्ये, १९०९ साली, छोटानागपुरात मुंडा लोकांत काम करणारे जेसुइट फादर हॉफमन यांनी कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापली. आदल्याच वर्षी छोटानागपूर कूळ कायदा झाला होता, आणि तो घडवण्यात त्यांचाही हात होता. त्या कायद्याने आदिवासींची जमीन परक्याच्या हाती जाण्यास आळा घातला. पण जमीन वाचली म्हणून पावसाळ्यातले पोट भरत नाही. आपल्याकडे ज्याला खावटी म्हणतात, ती गरज उरतेच, आणि सावकार नेमका तिथेच दार ठोठावतो. कायदा आणि पतसंस्था ही जोडी होती.

पहिल्या महायुद्धात हॉफमन जर्मन म्हणून त्यांना १९१५ मध्ये भारत सोडावा लागला. संस्था मात्र थांबली नाही; मुंडा, उरांव, खडिया सभासदांच्या बचतीवर चालत राहिली.

वर्गातील चर्चेआधी आपल्या पाड्यावरच्या बचत गटाला एवढे विचारून या: पेरणीच्या आठवड्यात पेटीत किती शिल्लक असते, आणि भात विकल्यावर किती? शेजारच्या पाड्याचा आकडाही आणा.