नदीतील मासे आणि उष्णता सोसण्याचा वारसा



सजीवांचे परिस्थितीशी जुळणे हा भाग शिकविताना आपण बहुधा उंट आणि ध्रुवीय अस्वल यांचे दाखले देतो. कुंडल परिसरातील मुलांनी ध्रुवीय अस्वल चित्रातच पाहिलेले असते. कृष्णा मात्र त्यांच्या शिवारापासून दूर नाही, आणि येरळा ब्रह्मनाळजवळ तिला मिळते हे त्यांना ठाऊक असते. यास्तव वरच्या वर्गांत हा पाठ नदीतील माशावरून घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

मासा शीतरक्ताचा प्राणी होय. पाणी तापले की त्याचे शरीरही तापते व त्यास अधिक प्राणवायू लागतो. आणि नेमका त्याच वेळी पाण्यातील प्राणवायू घटतो. २० अंश सेल्सिअसच्या एक लिटर शुद्ध पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांस तो साडेसातवर येतो. उष्णता याहून वाढली तर पेशींतील प्रथिनांची घडी बिघडू लागते. अंडे उकडले असता त्यातील पातळ पांढरा भाग घट्ट होतो, तो प्रथिनांची घडी मोडल्यामुळेच. हा दाखला वर्गात अवश्य द्यावा.

या बिघाडावर शरीरात उपायही आहे. १९६२ मध्ये फेरुच्चो रितोस्सा या इटालियन शास्त्रज्ञांना, अधिक उष्णतेत राहिलेल्या फळमाशीच्या पेशींत गुणसूत्रांवर ठराविक जागी फुगवटे आलेले दिसले. एरवी स्वस्थ असणारी जनुके तेथे कामास लागली होती. त्या जनुकांपासून तयार होणारी प्रथिने घडी बिघडलेल्या इतर प्रथिनांना सावरतात, हे पुढे कळून आले. माशांतही अशी जनुके आहेत.

येथे एक समजूत आड येते, आणि ती केवळ मुलांचीच असते असे नाही. माशाला उष्णतेची सवय होईल, मग पिल्लांनाही ती लागेल, असे पुष्कळांना वाटते. सवय होते हे खरे. पाणी हळूहळू तापत गेले तर मासा थोडी अधिक उष्णता सोसतो. परंतु ही कमावलेली सवय म्हणजे वारसा नव्हे. वारसा जनुकांतून येतो, आणि तो सर्व माशांत सारखा नसतो. पाऊस लांबला असता बाजरीच्या शेतात काही ताटे माना टाकतात, काही तग धरतात. तग धरलेल्या ताटांचेच बी शेतकरी राखतो. नदीत हीच निवड उन्हाळा करतो.

ही निवड किती वेगाने चालते? नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथील शास्त्रज्ञांनी पश्चिम बंगालमधून नेलेल्या झेब्रा माशांवर याचा प्रयोग केला. सहा पिढ्यांपर्यंत, सुमारे वीस हजार मासे तपासून, अधिक उष्णता सोसणाऱ्यांचीच वीण पुढे चालविली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले फळ असे की, सोसण्याची मर्यादा वाढली ती सुमारे ०.२२ अंश, म्हणजे पिढीमागे ०.०४ अंशाहूनही कमी. मुलांना येथे हिशेब घालावा: पिढीमागे ०.०४ अंश धरले तर एका अंशास पिढ्या किती? उत्तर पंचवीस. मासा तिसऱ्या वर्षी वीण देतो असे मानले तर पाऊणशे वर्षे. हे माप जसेच्या तसे दुसऱ्या माशास लागू करता येत नाही. तरी वेगाची कल्पना येते.

आता आपल्या नदीकडे वळू. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांतील नुक्ता हा तोंडापुढे शिंगासारखा उंचवटा असलेला मासा आज संकटग्रस्त गणला जातो. संख्या घटली की केवळ मासे कमी होतात असे नाही. त्यांच्या अंगची नाना तऱ्हेची जनुकेही गळतात. कणगीत मूठभर बी उरले तर त्यात निवड ती काय करणार! बंधाऱ्यांमुळे एका डोहातील मासे दुसऱ्या डोहातील माशांस मिळेनासे झाले, तर हा तोटा आणखी वाढतो.

मग बाहेरून मासे आणून सोडावेत काय? हा प्रश्न चुणचुणीत मुलगा हटकून विचारील. त्यास कावेरीची हकीकत सांगावी. लोणावळ्यास वाढविलेल्या दख्खनी महाशीराचे बीज १९७० नंतरच्या काळात अन्य राज्यांत गेले. कावेरीत तो मासा माजला आणि तेथील मूळचा कुबडा महाशीर मागे पडला. २०१८ मध्ये त्या कुबड्या माशाची शास्त्रीय ओळख पक्की झाली, आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हेतू चांगला असूनही असे घडते, हे मुलांना कळू द्यावे.

पाठास जोडून एक निरीक्षण करावे. सकाळी सात व दुपारी तीन वाजता, सावलीतील व उन्हातील पाण्याचे तापमान आठवडाभर नोंदवावे. पाणी दोरी बांधलेल्या बादलीने शिक्षकानेच काढावे; मुलांना डोहाच्या काठी नेऊ नये. मासा भांड्यात घालून पाणी तापविण्याचा प्रयोग कोणीही करू नये. नोंदी पूर्ण झाल्यावर वर्गास विचारावे: एकाच जोडीपासून झालेले शंभर मासे एका तळ्यात, आणि निरनिराळ्या जोड्यांचे शंभर मासे दुसऱ्या तळ्यात असले, तर कडक उन्हाळ्यानंतर कोणत्या तळ्यात मासे उरण्याचा संभव अधिक? उत्तराची घाई करू नये. मुले अडली तर त्यांना बाजरीच्या ताटांची आठवण द्यावी.